उष्टी पुस्तकं

एकोणीस वर्षं मी ही नाव हाकली
चिलोएच्या आतल्या बेटांमधून,
दर दुसऱ्या मंगळवारी, भरती बघून. सात धक्के.
(सातवा धक्का नव्हेच, दोन ओंडके आणि एक टायर.)
पेट्यांत पुस्तकं, वर ताडपत्री,
इंजिनापाशी माझे उकडलेले बटाटे.

परत आलेलं पुस्तक मी आधी हुंगायचो.
कुणाकडचा चुलीचा धूर, कुणाकडची ओली लोकर.
एदेलमिराकडून आलं की कोपरे कडक,
शिंपले सोलता सोलता वाचायची ती.
मागच्या कार्डावर नावांची उतरंड,
तिचं नाव ओहोटीकडे कललेलं.
कोरं पुस्तक कुणी पटकन घेत नसे.
उष्टं असलं की भरवसा वाटायचा :
कुणीतरी खाऊन जगलंय.

एका कादंबरीच्या एकशे बाराव्या पानावर
समासात पेन्सिलीनं होतं,
“खोटं. गेलेलं माणूस असं परत येत नाही.”
खाली, दोन वर्षांनी, जाड अक्षरात,
“येतं. मी आलो.”
पातागोनियात मेंढ्यांची लोकर कातरायला
आमच्याकडून निम्मे पुरुष गेलेले.
सगळ्या बेटांना एकमेकांची अक्षरं ठाऊक.
बोललं कुणीच नाही.
त्या हिवाळ्यात त्या पुस्तकाला सात महिन्यांची रांग होती.

मग टेकडीवर मनोरा उभा राहिला.
कास्त्रोहून साहेब आले, सपाट पाट्या घेऊन,
ऐंशी हजार पुस्तकं, वजन दोन बटाट्यांचं.
त्या पाट्याही मीच पोचवल्या. माझी शेवटची फेरी.
कुऱ्हाडीचा दांडा, दुसरं काय.

पुढच्या महिन्यात एदेलमिरा धक्क्यावर भेटली, पाटी शालीत गुंडाळलेली.
“इथे लिहिलंय, या वाक्याखाली अकरा जणांनी रेघ ओढली.
हे अकरा कुठल्या बेटावरचे?”
मला काय ठाऊक.
“बरी माणसं दिसतात,” ती म्हणाली,
आणि बोटानं बारावी रेघ ओढली.

मी मनातून त्या पाट्यांना शिव्या देत होतो
तोवर रोसामेल बार्रियाचं झालं असं :
नऊ वर्षं त्यानं एक पुस्तक नेलं नव्हतं.
डोळे गेलेले. तरी दर मंगळवारी यायचा,
नावेचा दोर धरायचा, पेट्यांवरून हात फिरवून जायचा.
नातीनं, यास्नानं, पाटीवरचं अक्षर मोठं केलं.
आणखी मोठं. शिंपल्याएवढं.
एका पानावर पाच शब्द.
ऐंशीव्या वर्षी म्हाताऱ्याच्या डोळ्यांचं उष्टावण झालं.
एक वाक्य संपेस्तोवर चारदा पान उलटायचा
आणि प्रत्येकदा हसायचा.

त्यानं तीच कादंबरी मागितली.
एकशे बारावं पान काढलं,
तर अजून पहिलाच प्रसंग, घोडासुद्धा बांधून झालेला नाही.
पुढे गेला, रात्रभर पुढे गेला,
ते वाक्य सापडलं.
समास स्वच्छ.
कुणी काही म्हटलंच नव्हतं.

पेट्या माझ्या गोठ्यात पडून होत्या,
रद्दीवाला अजून आला नव्हता.
पुस्तक काढलं, उंदरांनी पाठ कुरतडलेली,
पान शाबूत.
त्याला दिसेना. बोटांनी चाचपलं,
पेन्सिल काही लागत नाही बोटाला.
यास्नानं फोननं फोटो काढला, दोन बोटांनी ताणला,
आणि “खोटं” हा एवढाच शब्द
काचभर झाला :
शिश्याचे कण, कागदाची लव,
ओहोटीकडे कललेला काना.

“खालचं अक्षर तुमचं, आजोबा. वरचं कुणाचं?”

रोसामेलनं चष्मा पुसला. तो पुसून काही उपयोग नसतो.
मला म्हणाला, “उद्या तिच्या बेटावर जातोस?
डिझेलचे पैसे देतो.”
मी म्हटलं, भरती अकराला आहे.
पुस्तक त्यानं ताडपत्रीत बांधलं,
आणि यास्नाला म्हणाला,
ती पाटीपण घे.